शाळेसमोरचा चौक रंगवायचा आहे: सिमेंट रस्त्यावर कोणता रंग, झेब्रा कसा ठेवावा, गट्टू कोणते घ्यावेत?

मोंढानाका

नमस्कार मंडळी. लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातला चौक आहे. मुख्य रस्ता सिमेंटचा, ९ मीटर रुंद. त्याला काटणारा, मोंढ्याकडे जाणारा रस्ता डांबरी, ७ मीटर. एका कोपऱ्यावर जिल्हा परिषदेची शाळा, समोरच्या कोपऱ्यावर फळांचे हातगाडे आणि रिक्षा थांबा. शाळेचं फाटक मुख्य रस्त्यावर उघडतं. एसटी याच चौकातून वळते, आणि उसाचा हंगाम सुरू झाला की ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या लावून वाहतूक चालते.

वॉर्डातले लोक आणि शाळा व्यवस्थापन समिती मिळून चौक रंगवायचं ठरलंय, नगरपरिषदही तयार आहे. सध्याचा बेत असा: चौकाच्या मधोमध मोठी रांगोळीची आकृती, शाळेसमोर लाल-पांढरा थ्रीडी (दुरून ठोकळे उभे असल्यासारखा भासणारा) झेब्रा, आणि शाळेच्या बाजूच्या १.८ मीटर फुटपाथला लाल-पिवळे गट्टू (पेव्हर ब्लॉक). काम मे महिन्यात, शाळेला सुट्टी असताना.

पेंटर ऑइलपेंट सुचवतोय. सिमेंट आणि डांबर दोन्हींवर एकच रंग चालेल का? झेब्रा सोडून साधारण २६० चौरस मीटर होईल (सिमेंटवर १४०, डांबरावर १२०), तर माल किती लागेल? झेब्र्यात लाल चालतो का? आणि एवढं करून गाड्या खरंच हळू होतात का?

---

सडकआखणी

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण बाकी सगळं त्यावरच ठरतं.

नुसत्या रंगाने गाडी हळू होत नाही. नवा रंग बघून लोक थोडे दिवस बिचकतात, मग सवय होते. वेग उतरतो तो वळण आवळल्यामुळे. चौकात बरीच जागा अशी असते की ती कुठल्याच गाडीला लागत नाही, तरी ती रस्ता म्हणून मोकळी पडलेली असते. ती जागा रंगवून आणि कडेला दगड लावून पायी चालणाऱ्यांकडे दिली, की वळण अरुंद होतं आणि पोरांना रस्ता ओलांडताना कमी अंतर चालावं लागतं. रंगाचं खरं काम एवढंच, आणि तेवढं पुरेसं आहे.

अमेरिकेत रस्त्यावर चित्रं रंगवलेल्या १७ जागांच्या अपघातांचा अभ्यास ब्लूमबर्ग फिलान्थ्रॉपीज या दानसंस्थेने २०२२ मध्ये प्रसिद्ध केला. पादचारी, सायकलस्वार अशांच्या अपघातांचा दर ५० टक्क्यांनी, जखमी होण्याच्या अपघातांचा ३७ टक्क्यांनी आणि एकूण अपघातांचा १७ टक्क्यांनी उतरलेला दिसला. त्या कामांत रंगीत झेब्रे होते, चौकातली चित्रं होती, आणि रंगवून पुढे आणलेले कोपरेही होते. आपल्यासाठी घेण्यासारखे आहेत ते कोपरे. इटलीत मिलान शहराने २०१८ पासून असेच चौक आधी रंग, कुंड्या आणि बाक ठेवून वापरून पाहिले, आणि देर्गानोसारखा जो चौक लोकांना पटला तो नंतर पक्का बांधला. मुंबईत सीएसएमटीजवळ भाटिया बाग चौकात हीच पद्धत वापरली. आपल्याकडे छत्रपती संभाजीनगर केंद्राच्या 'स्ट्रीट्स फॉर पीपल' स्पर्धेत विजेत्या शहरांत होतं. तेव्हा नगरपरिषदेला दाखवायला जवळचं उदाहरण आहे.

म्हणून मधोमध रांगोळी नको. चौकात सगळ्यात जास्त चाकं तिथूनच फिरतात, तीही वळत आणि ब्रेक लावत. सगळा पैसा कोपऱ्यांवर आणि शाळेच्या फाटकासमोर घाला. रांगोळीचा नक्षीपट्टा घ्यायचाच असेल तर तो कोपऱ्यात बसवा, तिथे तो टिकेल आणि उभं राहून बघताही येईल.

कोपरा किती पुढे घ्यायचा हे कागदावर ठरवू नका. आपल्याकडची धूळ इथे उपयोगी पडते: दोन-तीन दिवस झाडू मारू नका, मग वरच्या मजल्यावरून चौकाचा फोटो काढा. जिथे धूळ साचलेली दिसेल तिथे चाक फिरत नाही. त्या कडेने फक्की मारा, फक्कीवर वाहतुकीचे प्लास्टिकचे कोन किंवा वाळूची पोती ठेवा आणि आठवडाभर तसंच राहू द्या. फक्की जिथे चाकाने पुसली जाईल तिथे रेघ अर्धा मीटर मागे घ्या. मे महिन्यात ऊस नसतो, त्यामुळे आठवडाभर सगळं सुरळीत दिसेल आणि गळीत सुरू झाल्यावर मागची ट्रॉली कोपऱ्यावर चढेल. एखाद्या शेतकऱ्याची रिकामी दुहेरी ट्रॉली मुद्दाम आणवून चारही बाजूंनी वळवून बघा. मागची ट्रॉली पुढच्यापेक्षा आत घासते, रेघ तिच्यावरून ठरवायची. एसटी ज्या कोपऱ्यावरून वळत नाही तिथे ४ ते ५ मीटर त्रिज्या पुरते. एसटीचा कोपरा मोठाच ठेवावा लागेल, ओढूनताणून लहान करू नका.

रंगवलेला कोपरा दगडाशिवाय सोडला की दुसऱ्या दिवशी तिथे रिक्षा लागते. कडेला कर्बस्टोन (फुटपाथच्या कडेला बसवतात ते दगड) किंवा सिमेंटचे खुंट लावा, दोघांमध्ये १.२ मीटर मोकळी जागा सोडून: व्हीलचेअर जाते, रिक्षा शिरत नाही. मोटारसायकल शिरू शकते, त्याला इलाज माणूस उभा करण्याचाच. खुंटांना रात्री चमकणारी पट्टी हवीच. जुन्या कडेची नाली अडवू नका: फुटपाथची मूळ कड आणि नवे दगड यांच्यामध्ये पावसाचं पाणी वाहायला किमान ३०० मिमी वाट राहिली पाहिजे आणि ढापे उघडता आले पाहिजेत. हातगाडेवाल्यांना आधी बोलावून घ्या. त्यांची जागा आराखड्यात आखून दिली नाही तर ते रंगावर उभे राहतील, आणि त्यात त्यांचा दोष नसेल.

परवानगी: वाहतूक शाखेचं पत्र लागेलच. मुख्य रस्ता राज्यमार्गाचा भाग असेल तर तो नगरपरिषदेचा नसून सार्वजनिक बांधकाम विभागाचा असतो. हे आधी तपासा, नाहीतर सगळं झाल्यावर वर डांबर पडतं.

---

थर_आणि_ओल

ऑइलपेंट अजिबात नको. सिमेंटमध्ये अल्कली असते, ती ऑइलपेंटमधल्या तेलाचा साबण करते. ओल आली की रंग चिकट होऊन पापुद्रे सुटतात. शिवाय तो गुळगुळीत असतो, पहिल्या पावसात दुचाकी घसरणार.

चाक फिरत नाही तिथे, म्हणजे कोपरे आणि फाटकासमोरची जागा, पाण्यातला १०० टक्के ॲक्रिलिक रंग घ्या, खेळाच्या मैदानाला किंवा पार्किंगला वापरतात तो. भिंतीचा बाहेरचा रंग स्वस्त मिळतो, पण तो घासला जायला बनवलेला नसतो. चाकं फिरतात तिथे ॲक्रिलिक काही महिन्यांत जातो. तिथे दोनच पर्याय: थर्मोप्लास्टिक, म्हणजे तापवून वितळवून रस्त्यावर ओढायचा जाड थर, किंवा दोन भाग मिसळून लावायचं एमएमए, ज्याला कोल्ड प्लास्टिक म्हणतात. एमएमए सगळ्यात टिकाऊ, पण महाग, आणि उन्हात डब्यातच घट्ट होतं. घट्ट करणारी पावडर घातल्यावर दहा-पंधरा मिनिटंच हातात असतात, मेच्या उन्हात त्याहून कमी. सवयीची टोळी नसेल तर नादाला लागू नका.

सिमेंट आणि डांबर दोन्हींवर ॲक्रिलिक चालतं, तयारी मात्र वेगवेगळी.

सिमेंटवर आधी पाण्याचे थेंब टाकून बघा. थेंब मण्यासारखा उभा राहिला तर वर क्युरिंग कंपाउंड (नव्या सिमेंटमधलं पाणी उडू नये म्हणून फवारतात तो थर), तेल किंवा मेण आहे. त्यावर कुठलाही रंग धरणार नाही. मशीनने घासून वरची कच्ची साय काढायची. ॲसिडने धुण्याचा सल्ला मिळेल, पण त्याला नंतर भरपूर पाणी लागतं आणि क्षार सांध्यात राहतात. आपल्याकडे टँकरच्या पाण्यावर ते परवडत नाही, घासणं बरं. मग ओल तपासा: दीड फूट बाय दीड फूट प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी टेपने बंद करून रात्रभर, सोळा तास ठेवा. खाली दव दिसलं किंवा सिमेंट काळपट झालं तर अजून थांबा. शेजारी नाली फुटलेली असेल तर आधी ती दुरुस्त करा, कारण खालून येणारी ओल रंगाला फुगे आणते. मग पाण्यातला इपॉक्सी प्रायमर, एका लिटरला साधारण ७ चौरस मीटर.

सिमेंट रस्त्याचे सांधे रंगाने झाकू नका. सांध्याच्या दोन्ही बाजूंना २०-२५ मिमी जागा टेप लावून सोडा. स्लॅब उन्हाळ्या-हिवाळ्यात हलतो, वरून ओढलेला रंग तिथेच तडकतो आणि मग कडेने उलत जातो. नक्षी अशी आखा की सांधा हीच चौकटीची रेघ वाटेल.

डांबर नवं असेल तर तीन-चार आठवडे जाऊ द्या. ताज्या डांबरातलं तेल वर येतं आणि पिवळा रंग तपकिरी होतो. रिक्षा थांब्यावरचे ऑइलचे डाग डिटर्जंटच्या पाण्याने घासा. डाग खोल गेला असेल तर तेवढा तुकडा कापून नवीन माल भरा, वरून लपवता येत नाही.

आता हिशोब. ॲक्रिलिकचे दोन हात, दर हाताला ०.२ लिटर प्रति चौरस मीटर:
२६० × ०.४ = १०४ लिटर. डांबर खरखरीत असल्याने १२० चौरस मीटरवर २५ टक्के जास्त, म्हणजे आणखी १२ लिटर. त्यावर १० टक्के राखीव. एकूण १३० लिटर धरा.
प्रायमर फक्त सिमेंटवर: १४० ÷ ७ = २० लिटर.
घसरू नये म्हणून सिलिका वाळू, ३० ते ६० मेश (०.२५ ते ०.६ मिमी), ३०० ग्रॅम प्रति चौरस मीटर: ७८ किलो. ५० किलोची दोन पोती आणा, काही वाया जाते.

वाळू पहिला हात ओला असताना चाळणीने पेरायची, वाळल्यावर सुटी वाळू झाडून काढायची, मग दुसरा हात. नदीची रेती चालत नाही, तिच्यात माती असते. वाळू रंगातच कालवली तर ती डब्याच्या तळाशी बसते, आणि अर्धं काम खरखरीत तर अर्धं काचेसारखं होतं. ठेकेदाराला हे टाळायला आवडेल, कारण पेरलेल्या वाळूने दुसऱ्या हाताला रंग जास्त लागतो आणि चमक येत नाही. चमक नकोच आहे. घर्षण मोजायचं पेंड्युलम यंत्र अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत असतं: ओल्या पृष्ठभागावर ४५ च्या खाली रीडिंग आलं तर काम घेऊ नका, झेब्र्यावर ५५ मागा.

झेब्रा: ५०० मिमी पट्टा, ५०० मिमी जागा, लांबी ३ मीटर. ९ मीटर रस्त्यावर ९ पट्टे, १३.५ चौरस मीटर. थर्मोप्लास्टिक २.५ मिमी जाडीला साधारण ५ किलो प्रति चौरस मीटर, म्हणजे ६७-६८ किलो, २५ किलोच्या तीन बॅगा. वरून काचेचे मणी २५० ग्रॅम प्रति चौरस मीटर, साडेतीन किलो. माल १८० ते २०० अंशाला तापवायचा. त्यापुढे गेला की पांढरा पिवळट पडतो आणि ठिसूळ होतो. सिमेंटवर थर्मोप्लास्टिकखाली त्याचा स्वतःचा प्रायमर लागतोच, वरचा इपॉक्सी त्यासाठी नाही. प्रायमर न लावल्याने अख्खे पट्टे पोळीसारखे उचलून आलेले कुठल्याही सिमेंट रस्त्यावर दिसतात.

---

सडकआखणी

झेब्र्याबद्दल यात भर. आयआरसी:३५ (रस्त्यावरच्या खुणांची इंडियन रोड्स काँग्रेसची नियमावली) प्रमाणे झेब्रा पांढरा, आणि तो पांढराच ठेवा. लाल-पांढऱ्यात लाल पट्टा रात्री हेडलाइटमध्ये काळपट दिसतो आणि पांढऱ्याची धार बोथट होते. तुमच्याकडे खरी अडचण वेगळी आहे: सिमेंटचा रस्ता मुळातच फिका, त्यावर पांढरे पट्टे दुपारी दिसतच नाहीत. मधल्या जागांत मॅट काळा ॲक्रिलिक भरा, वाळू पेरून. १३.५ चौरस मीटरला ६ लिटर पुरतो. तो चाकाखाली लवकर झिजेल, दर सहा महिन्यांनी पुन्हा मारावा लागेल, तरी काम स्वस्त आहे. गेल्या काही वर्षांत सिमेंट रस्ते झालेल्या सगळ्या गावांनी हे करायला हवं.

थ्रीडी मात्र पूर्ण वगळा. २०१६ च्या सुमारास देशभर त्याची चर्चा झाली. ते चित्र एका दिशेने, एका ठराविक अंतरावरून आणि उंचीवरूनच उभं दिसतं. ट्रकच्या केबिनमधून आणि स्कूटीवरून एकसारखं दिसत नाही, उलट दिशेने तर नुसता विस्कटलेला रंग. नवखा माणूस घाबरून जोरात ब्रेक मारतो, मागचा येऊन धडकतो. रोजच्या माणसाला दोन दिवसांत कळतं की हे सपाट आहे. खरोखर उंच हवं असेल तर झेब्राच १०० मिमी उचलून घ्या: वर ३ मीटर सपाट, दोन्ही बाजूंना दीड-दीड मीटर उतार. एसटीला चालतं आणि पोरं गाडीच्या बोनेटच्या वर दिसतात. कडेने पाणी जायला वाट ठेवा.

---

मोंढानाका

फार उपयोगी पडलं. रांगोळी कोपऱ्यात घ्यायला सगळे तयार होतील असं वाटतं. दोन गोष्टी राहिल्या. गणपतीची मिरवणूक याच चौकातून जाते, गुलालाचा थर बसतो. आणि पेरणीच्या दिवसांत केजव्हील (शेतातली लोखंडी जाळीची चाकं) लावलेले ट्रॅक्टर रस्त्यावरून जातात. रंगाचं काय होईल?

---

थर_आणि_ओल

केजव्हीलला कुठलाच रंग टिकत नाही. डांबरही सोलतं. कोपऱ्यावर दगड असतील तर तिथे ते चढणार नाहीत, आणि झेब्र्याचं नुकसान तेवढं दुरुस्त करायचं. थर्मोप्लास्टिकचा तुटका तुकडा भरता येतो, आख्खा पट्टा काढायची गरज नसते.

गुलाल: आधी कोरडा झाडून उचला, पाणी नंतर. पहिल्यांदाच टँकर सोडला की त्याचा रंग वाळूच्या खरखरीत थरात उतरतो आणि निघत नाही. झाडून झाल्यावर डिटर्जंट आणि नायलॉनचा ब्रश. तारेचा ब्रश नको, तो वाळू उपटतो. मिरवणुकीच्या कोपऱ्यांवर क्रीम, फिका पिवळा, आकाशी असे रंग घेऊ नका. गेरू, विटकरी, गडद निळा यांवर डाग खपून जातो. गेरू-विटकरी तसेही लोखंडाच्या ऑक्साइडचे रंग, उन्हात उडत नाहीत. गुलाबी, जांभळा, पोपटी हे सेंद्रिय रंगद्रव्यांचे असतात आणि आपल्या दोन उन्हाळ्यांत पांढुरके होतात. मंडपाचे खांब रोवायला रंगवलेल्या भागात आधीच पाइपच्या खोबण्या गाडून झाकण लावून ठेवा, नाहीतर दरवर्षी पहार चालेल.

आणि मे महिना. शक्य असेल तर काम दिवाळीनंतर घ्या, नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मेमध्ये दुपारी रस्त्याचा पृष्ठभाग ६० अंशांच्या वर जातो. ॲक्रिलिक रोलरवरच वाळतो, वर साय धरते आणि आत पाणी अडकून फोड येतात. वावटळीची धूळ ओल्या रंगात बसते ती वेगळीच. मेच करायचा असेल तर पहाटे ५ ते ८, रस्ता आधी झाडून, आणि जूनच्या पहिल्या आठवड्याच्या खूप आधी संपवा. मृगाच्या पहिल्या सरीत धूळ आणि ऑइलचा चिखल होतो, त्या दिवशी रंग पुरता कडक झालेला असला पाहिजे. हिवाळ्यात उलट, दव सुकल्यावर ९ नंतर सुरुवात करा.

---

काळा_पाषाण

फुटपाथबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. माझं मत स्पष्ट आहे: रस्त्यावर रंग लावा, फुटपाथला लावू नका. फुटपाथचा रंग वस्तूतच असावा.

लाल-पिवळे गट्टू घेताना एक गट्टू हातोड्याने फोडून बघा. रंगाचा थर वरून किमान ६ मिमी आत गेलेला दिसला पाहिजे. बाजारात बरेच गट्टू असे येतात की रंग नखाएवढा, वर्षभरात खालचं राखाडी सिमेंट दिसतं. रंगद्रव्य लोखंडाच्या ऑक्साइडचं, सिमेंटच्या वजनाच्या ५ टक्के, म्हणजे एका गोणीला अडीच किलो. १० टक्क्यांच्या वर गेलं की रंग वाढत नाही, ताकद मात्र उतरते. राखाडी सिमेंटमध्ये पिवळा मळकट दिसतो, उजळ पिवळा हवा तर वरच्या थराला पांढरं सिमेंट मागा. रबर मोल्डमधले चकचकीत गट्टू दुकानात सुंदर दिसतात आणि पावसात माणसं पाडतात. प्रेसचे, खरखरीत तोंडाचे घ्या. गट्टूंच्या भारतीय मानकाप्रमाणे (आयएस १५६५८) फक्त पायी रहदारीला एम-३० (काँक्रीटच्या ताकदीची प्रत) आणि ५० मिमी जाडी चालते, पण आपल्या फुटपाथवर दुचाकी आणि रिक्षा चढतातच, तेव्हा ६० मिमी आणि एम-३५.

गट्टूंवर पांढरा थर येतो तो रंगाचा दोष नसतो. सिमेंटमधला चुना पाण्याबरोबर वर येऊन हवेशी मिळतो, आणि बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने क्युरिंग केलं की तो जास्त दिसतो. दोन पावसाळ्यांत बहुतेक धुऊन जातो. ॲसिड मारायची घाई केली तर रंगच खरवडतो.

खाली काळी माती असेल तर रंगाची चर्चा नंतर. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगा पडतात, आणि गट्टू लाटेसारखे होतात. ३०० ते ४५० मिमी माती काढून मुरूम भरा, थर देऊन रोलर किंवा प्लेट फिरवा, वर खडीचा १५० मिमी थर, मग २५-३० मिमी कच (दगडाचा बारीक चुरा), मग गट्टू. कडेला पक्की किनार नसेल तर सगळे गट्टू नालीकडे सरकतात.

आणि गट्टूच कशाला, असंही विचारतो. शहाबादी फरशी आपल्याला जवळ पडते आणि करडी-निळसर आहे. आपला काळा दगड इथेच निघतो. दोघांचे आलटून-पालटून पट्टे घातले, काळ्या दगडाला टाकीची छिन्नी मारून खरखरीत तोंड दिलं, तर वीस वर्षं रंग जात नाही. नालीसाठी फुटपाथ उकरला तरी तीच फरशी परत बसते. शहाबादी मात्र घासलेली नको, खाणीच्या तोंडाचीच घ्या, आणि जाडी ४० मिमीच्या खाली नको. किंमत जास्त पडेल. शाळेसमोरच्या तीस-चाळीस मीटरपुरती तरी करा.

---

पांढरी_काठी

ज्यांना कमी दिसतं त्यांच्या बाजूने दोन-तीन गोष्टी, आराखड्यातच धरा म्हणजे नंतर तोडफोड होणार नाही.

लाल-पिवळे गट्टू बुद्धिबळासारखे घातले की पिवळी स्पर्शफरशी त्यात हरवते. अंध आणि क्षीणदृष्टी माणसं त्या फरशीचा पिवळा रंग आणि ठिपके-रेघा यांवर चालतात. तिच्या दोन्ही बाजूंना किमान ६०० मिमी एकरंगी, गडद पट्टा ठेवा आणि फुटपाथवर दुसरीकडे कुठेही पिवळा वापरू नका. रेघांची फरशी वाट दाखवते, ठिपक्यांची धोका सांगते. ठिपक्यांची ओळ झेब्र्यासमोर, कर्बच्या कडेपासून ३०० मिमी आत.

रंगवलेला कोपरा रस्त्याच्याच पातळीवर असतो. काठीने चालणाऱ्याला तिथे कड लागत नाही, फुटपाथ संपून रस्ता कुठे सुरू झाला हे कळत नाही. कोपरा पुढे घेतला की ठिपक्यांची ओळही पुढे, दगडांच्या रेषेपर्यंत न्यावी लागते, आणि फुटपाथपासून तिथपर्यंत रेघांची वाट. बहुतेक ठिकाणी हेच विसरलं जातं.

गडद रंगाचे मोठे गोल किंवा काळे डाग फरशीवर काढू नका. म्हाताऱ्या माणसांना ते खड्ड्यासारखे दिसतात आणि ती वळसा घालायला रस्त्यावर उतरतात.

रंग निवडताना डोळ्यांवर विसंबू नका. दोन्ही नमुने उन्हात शेजारी ठेवून मोबाइलमध्ये कृष्णधवल फोटो काढा. लाल आणि हिरवा कागदावर वेगळे दिसतात, कृष्णधवल फोटोत बऱ्याचदा एकच करडा होतात. फोटोत फरक ठळक असेल तरच जोडी घ्या. हाच फोटो नमुने पाण्याने भिजवून पुन्हा काढा.

---

कडुनिंब

कोणीतरी नक्की म्हणेल की गरमी कमी व्हावी म्हणून सगळा चौक पांढरा करू. तर अमेरिकेतल्या फिनिक्स शहराने २०२० पासून डांबरावर फिका थर लावून मोजमाप केलं. दुपारी रस्त्याचा पृष्ठभाग सहा-साडेसहा अंश सेल्सियसने थंड राहिला. पण परतलेलं ऊन चालणाऱ्याच्या अंगावर आलं, आणि भर दुपारी त्याला जाणवणारी उष्णता साधारण तीन अंशांनी वाढली. पोरं शाळेतून सुटतात त्या जागी पांढरा-क्रीम नको, मध्यम छटा बऱ्या.

सावली झाडाचीच लागते. पुढे आणलेल्या कोपऱ्यात १.२ मीटर बाय १.२ मीटर चौकोन न रंगवता सोडा. कोपरा पक्का बांधायचं ठरलं की तिथे करंज किंवा कडुनिंब लावता येईल. झेब्र्यापासून ५ मीटरच्या आत झाड नको, आणि खोड दोन मीटरपर्यंत मोकळं ठेवा, म्हणजे पोरं ड्रायव्हरला दिसतील.

---

मोंढानाका

ठीक. काम नोव्हेंबरात ढकलतो, तेव्हा उसाच्या ट्रॉल्याही सुरू असतील, म्हणजे फक्कीची चाचणी खऱ्या गाड्यांवरच होईल. निविदेत काय काय लिहून घ्यावं?

---

सडकआखणी

"चौक रंगवणे, प्रति चौरस मीटर" एवढंच लिहिलं तर ऑइलपेंटच येईल. बाबी वेगळ्या करा: सिमेंट घासणे, प्रायमर, ॲक्रिलिकचे दोन हात, सिलिका वाळू किलोवर, थर्मोप्लास्टिक जाडीसह, काचेचे मणी, दगड नगावर, स्पर्शफरशी. प्रत्येक रंगाला आयएस ५ (रंगछटांचं भारतीय मानक) मधला छटा क्रमांक द्या, उदाहरणार्थ सोनेरी पिवळा ३५६, म्हणजे पुढच्या वर्षी दुरुस्तीला तोच रंग मिळेल. सुरुवातीला २ मीटर बाय २ मीटरचा नमुना सिमेंटवर एक, डांबरावर एक, सात दिवस ठेवून मगच पुढचं काम. थर्मोप्लास्टिकची जाडी मोजायला पत्र्याचा तुकडा आधी खाली ठेवा, वरून पट्टा ओढून घ्या, पत्रा उचलून कॅलिपरने मोजा. २.५ मिमी भरली नाही तर मोजमाप पुस्तकात नोंद घेऊ नका.

उरलेला राखीव रंग ठेकेदाराकडे न ठेवता नगरपरिषदेच्या गोदामात, डब्यावर छटा आणि तारीख लिहून. नळजोडणीसाठी खोदकामाची परवानगी देताना "रंग आणि फरशी पूर्ववत" ही अट त्याच पत्रात घाला.

आणि काम सुरू व्हायच्या आधी वेग मोजून ठेवा. शाळेच्या अलीकडे रस्त्यावर ३० मीटर अंतराने चुन्याच्या दोन रेघा मारा, मोबाइलच्या स्टॉपवॉचवर गाडीला लागलेला वेळ घ्या. ३.६ सेकंद म्हणजे ताशी ३० किलोमीटर, २.७ सेकंद म्हणजे ४०, ५.४ सेकंद म्हणजे २०. शाळा भरताना आणि सुटताना प्रत्येकी शंभर गाड्या, दुचाकी आणि चारचाकी वेगळ्या लिहून. तीच मोजणी रंगानंतर एका महिन्याने आणि सहा महिन्यांनी, त्याच वारी, त्याच वेळेला. सहाव्या महिन्याचा आकडा घेऊनच कोपरे पक्के बांधायचा ठराव मांडा.